दोन विमानांच्या कंपनीतून अमेरिका

अमेरिकेला जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात, "कुठल्या एअरलाइननं गेलीस?" मी आमच्या कंपनीचं नाव सांगते. समोरचा म्हणतो, "हे कधी ऐकलं नाही बुवा." नसेलच ऐकलं. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर स्काल्बी नावाचं गाव आहे, त्या गावाबाहेर बीटच्या शेतांना लागून एक हँगर आहे, आणि त्या हँगरात स्काल्बी एअरची दोन विमानं राहतात. एक मोठं, दोनशेच्या आसपास माणसं बसतील असं. दुसरं पंख्यांचं, लहान. संपली कंपनी. मी तिथं ऑपरेशन्स बघते, म्हणजे विमानानं कुठून जायचं, इंधन किती घ्यायचं, वाटेत हवा कशी असेल, कुठल्या देशाची कसली परवानगी लागेल, हे सगळं जमिनीवर बसून ठरवते. "म्हणजे तू एअर होस्टेस का?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना मी आता नाही म्हणायचंही सोडून दिलंय.

कंपनी काढली बेंटेनं आणि तिच्या नवऱ्यानं. डेन्मार्कात मालकिणीलाही नुसत्या नावानं हाक मारतात. सत्तरीला टेकलेल्या बाईला "ए बेंटे" म्हणताना माझी जीभ सुरुवातीला अडखळायची, म्हणून मी मनातल्या मनात "बाई" जोडून घ्यायचे. या दोघांकडे आधी सहा सीटांचं एक विमान होतं. सकाळी बेटांवर वर्तमानपत्रं टाकायची, येताना कुणी आजारी असेल तर त्याला घेऊन यायचं, कधी गुरांच्या डॉक्टरला पोचवायचं. पुढं तिथल्या लोकांना स्पेनच्या उन्हाची चटक लागली आणि मोठं विमान आलं. नवरा गेला, बाई राहिल्या. आमच्याकडे ठरलेलं वेळापत्रक नसतं. आपल्याकडे वऱ्हाडासाठी जशी अख्खी बस ठरवतात, तसं आमचं अख्खं विमान ठरवतात. उन्हाळ्यात समुद्रावर जाणारे, हिवाळ्यात बर्फात घसरणारे, मधेच एखादा फुटबॉलचा संघ, आणि मोठ्या कंपनीचं विमान बिघडलं की तिचे खोळंबलेले प्रवासी. तेव्हा मात्र त्या मोठ्या कंपनीला आमचं नाव बरोबर आठवतं.

२००६च्या उन्हाळ्यात आम्हाला अमेरिकेचं काम मिळालं. डेन्मार्कातल्या खेड्यापाड्यांत जिम्नॅस्टिकची पथकं असतात. त्यात शेतकरी, बेकरीवाले, शाळामास्तर, नर्सबाया सगळे असतात, आणि दिवसभराचं काम आटोपून ही मंडळी संध्याकाळी उड्या मारतात. आपल्याकडच्या तालमीत जसा मल्लखांब चालायचा तसं ते आहे, फक्त तेल न लावता. अशा एका पथकाला अमेरिकेतल्या शाळांच्या हॉलमधून खेळ करायचे होते. सव्वाशे माणसं, आणि त्यांच्याबरोबर गाद्या, उड्यांचे लाकडी ठोकळे, ट्रॅम्पोलिन. मोठ्या कंपन्यांनी गाद्या बघूनच हात जोडले. आम्ही घेतलं. या धंद्यातल्या एका बड्या माणसानं बाईंना फोनवर सुनावलं, की दोन विमानांच्या कंपनीनं अमेरिकेच्या वाटेला जाऊ नये, तिथल्या परवानग्यांतच मरेल. बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "सुमा, बॅग भर."

या प्रवासात माझंही एक काम होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी तेच मोठं होतं. माझी आई मी लहान असताना गेली, मला मावशीनं वाढवलं. मावशी हिवाळ्यात तिच्या मुलाकडे, शिरीषकडे, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आली होती; तिची मुलगी विनया तिकडं कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला. ठरलं असं होतं की सहा महिने राहून सोलापूरला परतताना ती डेन्मार्कला माझ्याकडे उतरेल. तिचा डेन्मार्कचा व्हिसा मी आधीच करून घेतला होता. आणि मग एप्रिलमध्ये शिरीषचा फोन आला, "आई अजून सहा महिने राहतेय. एक्स्टेन्शन फाइल केलंय."

"मावशी काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? नातवंडांत आहे, मजेत आहे."

मावशी काय म्हणते ते तिच्याच तोंडून ऐकायचं, असं ठरवून मी विमानात बसले.

पार्सिपनी

नेवार्कला उतरल्यावर पथक त्यांच्या मुक्कामी गेलं आणि मी शिरीषच्या गाडीतून पार्सिपनीला. झाडं इतकी हिरवी आणि हिरवळ इतकी कापलेली, की गाडीतून उतरून कुठं थुंकायचीही भीती वाटावी. शिरीष एका बँकेचे डेटाबेस सांभाळतो. मेधावहिनींना नुकतीच नोकरी लागली होती, त्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्यांची मुलगी रिया बारा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत.

मावशी दारातच उभी होती. ताठ, नऊवारी सोडून आता सहावारीत, वर मुलाचं जुनं जाकीट. सोलापुरात तिचा शेंगांच्या चटणीचा धंदा आहे. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी उखळात चटणी कुटतात. मिक्सरचं नाव काढलं तर ती माणूस ओळखत नाही. अशी बाई इथं रोज खिडकीशी बसून नातीच्या शाळेच्या बसची वाट बघत असायची.

"इथं पायी जायला रस्ताच नाही गं सुमे," ती मला म्हणाली. "परवा कोथिंबीर आणायला चालत निघाले तर एका बाईनं गाडी थांबवली. आर यू ओके, आर यू ओके म्हणून माझा पिच्छाच पुरवला."

संध्याकाळी जेवायला तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या दोन जोड्या आल्या. वांग्याची भाजी, थालीपीठ, ताक, सगळं मावशीनं केलेलं. पहिला घास पोटात जातो न जातो तोच शिरीषनं विचारलं, "तुमचं विमान इथून डॅलसला आणि मग सॅन होजेला जाणार ना? रिकाम्या सीट्स किती आहेत?"

"असतील साठ-सत्तर."

"परफेक्ट!" तो बायकोकडे वळला. "बघ, मी म्हणालो नव्हतो?" मग मला म्हणाला, "आईला सांता क्लाराला विनयाकडे सोडायचंय. तिच्या इशानचं डे-केअर अजून सेटल होत नाहीये. आणि हे चौघं पण येतील, बे एरियात मंडळाचा प्रोग्राम आहे. गॅस मनी आम्ही देऊच."

विमानाला गॅस मनी, म्हणजे पेट्रोलचे पैसे, देऊ करणारा पहिला माणूस माझा मावसभाऊ निघावा, याचा अभिमान बाळगावा की नाही ते मला कळेना. मी सांगितलं की तसं चालत नाही. परदेशी कंपनीनं अमेरिकेतल्या एका गावातून माणूस उचलायचा आणि अमेरिकेतल्याच दुसऱ्या गावी उतरवायचा, हे इथल्या कायद्याला मंजूर नाही. आम्ही आमचं पथक घेऊन आलो, तेच पथक गावोगाव न्यायचं आणि परत घेऊन जायचं. वाटेत कुणाला घ्यायचं नाही.

"पण सीट रिकामीच जातेय ना?" शिरीष म्हणाला.

"रिकामीच जाईल."

"मग आमचं काय वजन होणार आहे?" पाहुण्यांतले काका म्हणाले. त्यांच्या बायकोनं तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. मग चौथ्या माणसानं विचारला. रिकामी जागा दिसली आणि आपला माणूस गप्प बसला असं कधी झालंय? लग्नाच्या बसमध्ये वाटेतल्या गावचे चार जण चढणारच. मीही त्याच गावची आहे, मला का कळत नाही?

"शिरीष, हे विमान आहे, वडाप नाही," मी म्हणाले. "टपावर बसवून नेलं असतं नाहीतर."

काका हसले. शिरीष नाही हसला. "कोण बघतंय यार? आणि तुझ्या त्या एवढ्याशा कंपनीला कोण विचारतंय?"

ते मला झोंबलं. "एवढीशी आहे म्हणूनच," मी म्हणाले. "मोठ्या कंपनीचं चुकलं तर तिचे वकील येतात. आमची परवानगी गेली तर सव्वाशे माणसं गाद्यांसकट टेक्सासात बसतील आणि गावी परतल्यावर बाईंना हँगरला कुलूप लावावं लागेल. फुकट नेलं तरी तेच, पैसे घेऊन नेलं तरी तेच. मी नेणार नाही." आणि तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही. "आणि मावशीला कुठं जायचंय ते कुणी विचारलंय का तिला?"

सगळे मावशीकडे बघायला लागले. ती हातात थालीपिठाचं ताट घेऊन उभी होती. "आधी जेवा," ती म्हणाली, आणि माझ्या पानात नको असताना एक वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्या नसलेल्या पायरस्त्यानं, गवताच्या कडेनं फिरायला गेलो. तिथं ती बोलली. तिला घरी जायचं होतं. मैत्रिणी फोन करून विचारत होत्या, की येतेस ना, तिघींनी उरकत नाही. पण पोरांना तोंडावर सांगणं तिला जमत नव्हतं. शिरीषकडे सहा महिने झाले म्हणून आता विनयाकडे, कुणी पार्सल पाठवावं तसं. "विनया मागतेय गं. तिला नाही कशी म्हणू?"

"मग मी सांगते तिला."

मावशी थांबली. "तू अजिबात तोंड घालायचं नाहीस. माझं मी बघेन." बोट नाचवून बोलायची तिची जुनी सवय आहे, तशीच बोलली. मला बरं वाटलं.

शिरीषनं तिचं सॅन होजेचं साधं तिकीट काढलं आणि रिवाजाप्रमाणं व्हीलचेअर बुक केली. आपल्या आई-वडिलांसाठी इथं सगळेच करतात. पाय धड असतात, इंग्रजी नसतं, म्हणून खुर्ची. मावशीनं ऐकलं आणि म्हणाली, "मला पाय आहेत." शिरीषनं खूप समजावलं, वाटेत विमान बदलायचंय, एअरपोर्ट केवढा असतो ते सांगितलं. ती आपली "मला पाय आहेत" एवढंच म्हणत राहिली. शेवटी रियाच वैतागून म्हणाली, "बाबा, शी कॅन वॉक! जस्ट लेट हर!" आणि तिनं आजीकडून "विच गेट फॉर सॅन होजे" घोकून घेतलं. नेवार्कला मला सोडायला शिरीष आला नाही. मेधावहिनी आल्या.

अर्विंग

टेक्साससाठी आम्ही मोठा विमानतळ न घेता जवळचा एक लहान घेतला होता, जिथं बहुतेक मालाची विमानं येतात. वाटेत ढगांचे मनोरे उभे होते, त्यांना वळसा घालून पोचायला उशीर झाला. दार उघडलं आणि झळ आली ती थेट सोलापूरची. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. डेन्मार्कची माणसं मात्र शिजायला लागली.

सामान उतरवणाऱ्या कंपनीचा मुकादम आला. टोपी उलटी घातलेली, बोलणं गोड. त्यानं विमान बघितलं, शेपटीवरचं नाव वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "तुमची अशी एकूण किती विमानं?" कॅप्टन नील्सनं प्रामाणिकपणे सांगितलं, दोन. त्यानंतर आमचा नंबर मागं मागंच जात राहिला. एक मालाचं विमान आमच्यानंतर येऊन रिकामं होऊन गेलं, मग दुसरं. संध्याकाळी डॅलसजवळच्या अर्विंगच्या शाळेत खेळ होता आणि गाद्या विमानाच्या पोटात.

बाई आतून आल्या. आमच्याकडे एक एअर होस्टेस आजारी होती म्हणून मालकीणबाई नेवार्कपासून ॲप्रन घालून कॉफी वाटत होत्या. त्यांनी मला विचारलं, "आपण स्वतः उतरवलं तर कायदा आडवा येतो का?" मी म्हटलं, कायदा नाही, त्या कंपनीचा रिवाज आहे, विमा आपला आहे. बाईंनी मान हलवली. मेकॅनिक पॉल आमच्याबरोबरच उडतो, त्यानं पोटाचं दार उघडलं. नील्सनं टाय सोडला. आणि पथकाच्या म्होरक्यानं शिट्टी मारल्याबरोबर सगळी माणसं विमानापासून ट्रकपर्यंत ओळीनं उभी राहिली, घर बांधताना विटा द्यायला उभी राहतात तशी. गाद्या हातोहात निघाल्या. साठीचा बेकरीवाला, तरण्या नर्सबाया, मधे मी, माझ्यापुढं कॅप्टन.

मुकादम पळत आला. "मॅम, यू कान्ट डू दॅट!"

"का बरं?" बाईंनी विचारलं. "आमचं विमान, आमच्या गाद्या, आमचे हात."

तो फोन करायला गेला. परत आला तेव्हा ट्रकचं दार लागलं होतं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि मग, हे मला त्याचं आवडलं, आतून थंड पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणून दिला. अमेरिकेत पाणी मागा न मागा, बर्फासकट मिळतं. पॉलचे दात दुखायला लागले.

अर्विंगला देशी दुकानांची कमी नाही. खेळ झाल्यावर मी बाईंना तिथल्या एका हॉटेलात डोसा खायला नेलं. शेजारच्या टेबलावर नागपूरचा एक मुलगा होता, सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणारा. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून तो आपणहून बोलायला आला. कंपनीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण दोन विमानांत करिअर काय होणार? इकडं इतक्या मोठ्या एअरलाइन्स आहेत. रेझ्युमे पाठवून पाहा ना, मी फॉरवर्ड करतो."

"तुझ्या कंपनीत किती माणसं?" मी विचारलं.

"असतील चाळीस हजार."

"मालकाला तुझं नाव माहीत आहे?"

तो हसला. "अवं ताई, माझ्या मॅनेजरलेच नाही माहीत."

बाई हातानं डोसा मोडत होत्या. त्यांनी विचारलं, हा काय म्हणतोय? मी सांगितलं, मला दुसरी नोकरी लावून देतोय. "मग त्याला सांग," बाई म्हणाल्या, "की उद्या सकाळी इंधनाचा हिशेब तुला करायचाय." मी सांगितलं. गरीब बिचारा मुलगा, त्यानं आम्हा दोघींना कॉफी पाजली. मनाचा मोठा होता, पण माझा रेझ्युमे त्याला मिळाला नाही.

निघताना मी दुकानातून सोलापुरी म्हणून लिहिलेली शेंगांची चटणी घेतली. चव बघितली. पीठ होतं नुसतं.

सांता क्लारा

डॅलसहून पश्चिमेला जाताना मी कॉकपिटच्या मागच्या जादा खुर्चीवर बसले होते. खाली तासन्तास माती, मग एकाएकी बर्फाचे डोंगर, आणि मग सॅन होजेकडे वळताना खाडीच्या कडेला मिठागरं. लाल, नारिंगी, मोरपंखी वाफे, कुणी पैठण्या वाळत घालाव्यात असे. नील्सनं दोनदा सांगितलं की आता मागं जाऊन पट्टा बांध. मी तिसऱ्यांदा सांगितल्यावर गेले.

मावशी आमच्या आधीच पोचली होती. वाटेत विमान बदलताना व्हीलचेअरवाला तिच्या नावाची पाटी घेऊन उभाच होता. शिरीषनं ती रद्द न करता गुपचूप तशीच ठेवली होती. मावशीनं त्या खुर्चीत स्वतःची बॅग ठेवली आणि त्या माणसाबरोबर चालत गेली. "बिचाऱ्याला रिकामी खुर्ची ढकलायला लावायची का?" ती म्हणाली.

विनया माझ्याहून धाकटी. ती आणि तिचा नवरा केदार दोघंही चिपच्या कंपन्यांत. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, त्यात दोन वर्षांचा इशान, आणि दोघांच्या मीटिंगा. डे-केअरमध्ये टाकलं की मूल आजारी पडतं, आजारी पडलं की डे-केअर घेत नाही. विनयाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिला बघून माझा अर्धा राग उतरला. धुणं-भांड्याला कुणी नाही, शेजारी ओळखत नाही. आईला धरून ठेवणार नाही तर काय करणार ती? पण मग मी मावशीकडे बघितलं. ती कार्पेटवर बसून प्लॅस्टिकचे ठोकळे रचत होती, आणि तिच्या खांद्यांत सोलापुरातला ताठपणा नव्हता.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये पथकाचा खेळ होता, मी सगळ्यांना घेऊन गेले. बेकरीवाल्यानं पळत येऊन ठोकळ्यावर हात टेकला आणि हवेत उलटा फिरला, तेव्हा मावशी टाळ्या वाजवत उभीच राहिली. "हा आपल्या तालमीत असता तर मल्लखांब मोडला असता यानं!"

बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. दोघींचं वय सारखं, भाषा एकही समान नाही. मावशीनं पिशवीतून डबी काढली, घरून आणलेल्या चटणीचा तळ. पॉलकडे त्यांचा तो काळा, आंबूस पाव होता. त्यानं पावाला लोणी लावलं, वर चटणी दाबली आणि डोळ्यांतून पाणी काढत तीन तुकडे खाल्ले. बाईंनीही खाल्ली. मग मला म्हणाल्या, "विचार यांना, यांना घरी कधी जायचंय?"

त्यांनी ते सहज विचारलं. डेन्मार्कची माणसं असं सरळच विचारतात. पाहुण्याला "थांबा, थांबा" म्हणायची त्यांच्यात रीत नाही, आणि इतकी वर्षं मला ती रुक्ष वाटत आली होती. मी मराठीत सांगितलं.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "मला विचारते आहे ही?"

"तुलाच."

ती डबीचं झाकण लावत बसली. मग म्हणाली, "सुमे, तू शिरीषला काय म्हणाली होतीस? इथून उचलायचं आणि इथंच उतरवायचं, हे चालत नाही."

"हो."

"आणि इथून उचललं आणि परदेशात उतरवलं तर?"

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. ऑपरेशन्स मी बघते, आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं! "ते चालेल," मी म्हणाले. "परवानगी घ्यावी लागेल. पथकानं हो म्हणायला हवं, विमान त्यांनी ठरवलंय. तुझं नाव आधी कळवावं लागेल."

"मग घे परवानगी."

विनयानं ऐकलं होतं. इशान तिच्या कडेवर होता. "आई? म्हणजे परवाच? अगं, इशानचं काय?"

"पोर गोड आहे तुझं," मावशी म्हणाली. "पण ते तुझं आहे. माझी पोरं मी वाढवली, हिला पण वाढवलं. आता मला माझ्या घरी जायचंय. पुढच्या वर्षी बोलाव, दोन महिने येईन. दोन म्हणजे दोन."

"तुला इथं काय कमी आहे?"

"काही नाही. तरी जायचंय."

विनया रडायला लागली आणि मला फार वाईट वाटलं. दोघींचंही वाटलं. मी तोंड उघडलं नाही. मला बजावलेलं होतं. केदारनं मुलाला घेतलं आणि हळूच म्हणाला, "विनू, आपण नॅनी बघू. बघायलाच पाहिजे होती कधीतरी."

पथकाच्या म्होरक्यानं एका मिनिटात हो म्हटलं, त्याला चटणीची डबी दिसत होती. नंतरचा अख्खा दिवस मी फोनला चिकटून होते. पलीकडचा प्रत्येक माणूस आधी विचारायचा, "कुठली एअरलाइन?" मी प्रत्येकाला अक्षरं सुटी करून सांगितली. परवानगी आली.

मेन

एका उड्डाणात आमचं विमान कॅलिफोर्नियाहून डेन्मार्कला पोचत नाही, म्हणून मेन राज्यात इंधनासाठी उतरलो. अमेरिकेचा हा अगदी वरचा कोपरा. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडं, हवेत गारवा, विमानतळावर आमच्याशिवाय कुणी नाही. प्रवाशांना पाय मोकळे करायला आत सोडलं होतं. बेकरीवाला खुर्च्यांच्या मागं कसरती करत होता, मावशी त्याला बघत चहा पीत होती, आणि चहा पाणचट आहे हे पॉलला खुणांनी सांगत होती.

तिथं शिरीषचा फोन आला. विनयानं त्याला सगळं सांगितलं होतं.

"सुमा, तुम्ही अजून यूएसमध्येच आहात ना? ऐक, मी आत्ता निघतो. आठ-नऊ तासांत ड्राइव्ह करून पोचतो. आईला तिथंच उतरव."

मला हे वाक्य बोलायला मिळणार याचा एवढा आनंद झाला, की मी आधी एक श्वास घेतला. "उतरवता येत नाही शिरीष. अमेरिकेत उचललेला माणूस अमेरिकेतच उतरवायचा नाही. नियम आहे. तुला जेवताना सांगितला होता."

"सुमा, मस्करी करू नकोस."

"मस्करी नाही."

मावशीनं कप खाली ठेवला आणि हात पुढं केला. मी फोन दिला.

"शिरीष," ती म्हणाली, "ही सांगते तो नियम असेल. पण मी नियमामुळं नाही चाललेय. नियम नसता तरी उतरले नसते." पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तू मला वाईट ठेवलंस असं मी कुठं म्हणाले? चांगलं ठेवलंस. पण ठेवलंस रे. मी काय ठेवायची वस्तू आहे का? मला घरी जायचंय, म्हणून जातेय. हे मी तुला डिसेंबरपासून सांगायला हवं होतं, ते आज सांगतेय." मग तिनं विचारलं, "जेवलास का?" आणि त्याचं उत्तर येईपर्यंत फोन कानाला लावून उभी राहिली.

विमानाकडे जायची हाक आली. फोन माझ्या हातात देऊन ती माझ्याआधीच बाहेर पडली. वारा सुटला होता, पदर उडत होता. पायऱ्यांपाशी पॉल उभा होता. म्हातारं माणूस बघून त्यानं आदबीनं हात पुढं केला.

"सरक बाबा," मावशी म्हणाली, आणि कठडा धरून एकटी वर चढली.